संगणकावर मराठी

हिंगोलीचा एखादा विद्यार्थी शाळेतील संगणकावर प्रथमच आपल्या जिल्ह्याचे नाव लिहावयास बसतो. कागदावर पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी दिसते, म्हणून इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो आधी वेलांटीची कळ दाबतो. पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून उमटते! हा यंत्राचा दोष नव्हे. संगणक प्रत्येक अक्षर व चिन्ह अंकरूपाने साठवितो. युनिकोड ह्या जागतिक संकेतानुसार ‘ह’चा अंक २३६१, तर पहिल्या वेलांटीचा २३६७ आहे. हे अंक उच्चाराच्या क्रमाने यावे लागतात: आधी ‘ह’, मग वेलांटी, नंतर अनुस्वार. असे लिहिलेले ‘हिंगोली’ जगात कोठेही वाचता येते. क्रम चुकल्यास मात्र ते शोधूनही सापडत नाही. म्हणून कळ दाबण्यापूर्वी शब्द एकदा मनाशी स्पष्ट उच्चारावा.