प्रयोगवही : मुलांचा पहिला रोजमेळ

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पेढी वाढवून वडील नुकतेच घरी आलेले असतात, आईची स्वयंपाकघरातली आवराआवर केव्हाच संपलेली असते, आणि नेमके तेव्हाच सातवीतल्या मुलाला आठवते : "पप्पा, उद्या सायन्सचा प्रोजेक्ट द्यायचाय." मग धावपळ सुरू होते. कोणत्या स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो, कोणाकडे थर्माकोलचे जलचक्र आहे, याची फोनवर चौकशी होते. सकाळी शाळेच्या वाटेवर प्रकल्प विकत घेतला जातो, त्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी चिकटते आणि आठवडाभराने उत्तम शेरा मिळतो. सारे संतुष्ट होतात. फक्त त्या मुलाला विचारले, की ज्वालामुखीतून फेस का आला, तर उत्तर येत नाही.

भिवंडीतील व्यापारी घरांना हे दृश्य अपरिचित नाही. यात पालकांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्यांची अडचणही खरी आहे. पुष्कळ घरांत वडील वाणिज्य शाखेचे, आई मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमातून शिकलेली, आणि मुलांची पुस्तके इंग्रजीतली. सूत, ग्रे कापड, गोदाम आणि उधारी-वसुली यांत दिवस जातो. विज्ञान आपला प्रांत नव्हे, असे समजून पालक एक तर शिकवणीवर विसंबतात, नाही तर सारा प्रकल्प स्वतःच सुबक अक्षरांत पूर्ण करून देतात. अलीकडे मोबाइलला प्रश्न विचारला की आयते उत्तरही मिळते. मदत सर्व बाजूंनी मिळते आहे; प्रश्न आहे तो कोणती मदत मुलाला वाढवते आणि कोणती त्याला रिकामे ठेवते, हा.

सही नव्हे, प्रश्न

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्याभोवती कार्यक्रमानंतर मुलांची स्वाक्षरीसाठी गर्दी होत असे. वहीवर सही करण्याऐवजी ते मुलांना सांगत, की विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. सही हवी, तर आधी स्वतःचा प्रश्न शोधावा लागे. विद्यार्थ्याला मदत करण्याची ही रीत साधी असली, तरी तिच्यात मोठे मर्म आहे. मुलाने प्रथम आपला प्रश्न आणावा. उत्तराची वाट दाखवण्याचे काम मोठ्यांचे.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाला अधिक जवळचे आहे. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्म १९१९ मध्ये अहमदाबादच्या जैन गिरणीमालक कुटुंबात झाला. त्यांच्या आई-वडिलांनी मुलांसाठी घरीच शाळा चालवली आणि हाताने काम करण्यासाठी साधनेही दिली. किशोरवयात विक्रमभाईंनी अभियंत्यांच्या मदतीने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती बनवली. त्या घराला तयार खेळणे विकत घेणे अवघड नव्हते. तरीही मुलाला हत्यारे, वेळ आणि जाणकारांची संगत देण्यात आली. पुढे १९४७ मध्ये याच विक्रमभाईंनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळेची पायाभरणी केली, कापड उद्योगासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांना व शिक्षकांना स्वतः प्रयोग करता यावेत म्हणून सामुदायिक विज्ञान केंद्र स्थापन केले. आज ते केंद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कापडाच्या व्यापारापासून विज्ञान दूर नाही, याची याहून मोठी साक्ष कोणती?

पेढीवरची प्रयोगशाळा

भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. येथील व्यापाऱ्याला आपण विज्ञान जाणत नाही असे वाटते. पण त्याच्या गादीवर मोजमापाची किती साधने असतात! कापडाचे रीड आणि पीक मोजण्याचे इंचभर चौकटीचे भिंग, तोलण्याचा काटा, मोजपट्टी, आणि रोजच्या रोज लिहिला जाणारा रोजमेळ. निरीक्षण, मापन आणि नोंद ही विज्ञानाची तिन्ही अंगे तेथे हजर आहेत.

सुताचा काउंट हाच विषय पाहावा. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा काउंट. म्हणूनच काउंट वाढतो तसे सूत बारीक होते, हे व्यापाऱ्याला तोंडपाठ असते. मुलाला ते सिद्ध करता येईल. अर्ध्या मीटर लांबीच्या पातळ पट्टीभोवती लांबीच्या दिशेने सुताचे १०० वेढे द्यावेत. सुमारे १०० मीटर सूत होते. ते सोने तोलण्याच्या छोट्या काट्यावर ठेवावे. २० काउंटचे सूत सुमारे ३ ग्रॅम भरेल, तर ४० काउंटचे सुमारे दीड ग्रॅम. काउंट दुप्पट झाला, वजन निम्मे झाले. गणितातले व्यस्त प्रमाण पुस्तकातून उठून हातात येते. आणि काट्याने वेगळेच वजन दाखवले, तर अधिक चांगले : वेढे सैल पडले, की सुताची प्रतच वेगळी, याचा शोध घेण्याची संधी मिळते.

दुसरा विषय ओलाव्याचा. हवा कोरडी झाली की मागावर सुती धागे अधिक तुटतात, हा कारखानदारांचा अनुभव आहे. त्याचे कारण असे, की सुती धागा पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. व्हिस्कोजचे मात्र उलट. तो भिजला की दुबळा होतो. पॉलिस्टर पाणी फारसे शोषतच नाही, म्हणून त्याच्या ताकदीत फरक नाममात्र पडतो. सारख्या लांबीचे कोरडे आणि ओले धागे टांगून, त्यांना लहान पिशवी बांधून, तीत एकेक नाणे टाकत जावे आणि कितव्या नाण्याला धागा तुटतो ते लिहावे. एकदा नव्हे, प्रत्येक धाग्यासाठी निदान दहा वेळा. एका सौद्यावरून बाजाराचा अंदाज बांधू नये, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. हा प्रयोग घरातच करावा. चालत्या मागाजवळ मुलांना नेऊ नये.

गोदाम असलेल्या घरांतील मुलांना पत्र्याच्या छपराखालचे तापमान सकाळी, दुपारी आणि सायंकाळी नोंदता येईल. चुन्याची सफेदी दिलेल्या पत्र्याच्या तुकड्याखाली आणि तशाच उघड्या तुकड्याखाली किती अंशांचा फरक पडतो, हा प्रश्न माल आणि माणसे या दोहोंच्या हिताचा आहे.

गाळलेल्या पाण्याची कसोटी

पाणी गाळून पिणे हा जैन घराचा जुना आचार. त्यामागे सूक्ष्म त्रसजीवांच्या रक्षणाचा भाव आहे. गाळणे त्याच पाण्याने खळबळून ते पाणी मूळ ठिकाणी परत सोडण्याची रीतही त्यासाठीच. या आचाराला आधुनिक विज्ञानाशी जोडणारी एक मोलाची घटना शेजारच्या बांगलादेशात घडली. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांतील स्त्रियांना जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून पाणी गाळण्यास शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा गावांत पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले.

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. अनेक पदरी साडीची छिद्रे सुमारे २० मायक्रॉनची होतात; कॉलऱ्याचा जंतू तर त्याहून कितीतरी लहान, एक-दोन मायक्रॉनचा. एकटा जंतू कापडातून सहज निसटेल. परंतु पाण्यात हे जंतू मोठ्या संख्येने सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, आणि ते जलचर कापडात अडकतात. वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडाचे तंतू सुटतात, त्यामुळे छिद्रे अधिक बारीक होतात. ज्या जीवांना वाचवण्यासाठी आपले पूर्वज पाणी गाळत, त्यांनाच अडवल्याने माणसेही वाचली.

भिवंडीतील मुलासाठी याहून सुंदर प्रकल्प नाही. एकाच टाकीचे पाणी, एकाच ताग्याचे कापड. एक, दोन, चार आणि आठ पदर. प्रत्येक वेळी एक लिटर पाणी गाळायला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहावे. गाळलेले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पेला छापील कागदावर ठेवावा आणि वरून अक्षरे किती स्पष्ट दिसतात ते नोंदावे. मग तेच नव्या आणि वापरलेल्या कापडाने करून पाहावे. मात्र निष्कर्ष प्रामाणिक असावा. ४८ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. कापडाने पाणी निर्जंतुक होत नाही. त्यासाठी उकळणे हवेच. आपल्या आचाराचा अभिमान बाळगताना त्याची मर्यादाही लिहून ठेवणे, ही विज्ञानाची आणि सत्यव्रताची एकच मागणी आहे.

कांदा न आणता

काही घरांत विज्ञानाचा गृहपाठ वेगळाच पेच निर्माण करतो. पेशी पाहण्यासाठी कांद्याचा पापुद्रा आणा, परासरणासाठी बटाटा आणा, असे पुस्तक सांगते. आणि कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात मूल गोंधळते. काही जण प्रयोगच टाळतात. तसे करण्याचे कारण नाही. कुंडीत सर्रास दिसणाऱ्या, पानांची खालची बाजू जांभळी असलेल्या रिओच्या पानाचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्पष्ट दाखवतो. परासरणासाठी बेदाणे पुरेत. साध्या पाण्यात ते फुगतात आणि मग साखरेच्या दाट पाकात टाकले की पुन्हा आकसतात. आयोडीनने पिष्ट ओळखायचे असेल, तर भाताची पेज आहे. आम्ल-अल्क ओळखायला जास्वंदीच्या फुलांचा अर्क चालतो. कीटकांचा संग्रह करायला सांगितले, तर टाचणीऐवजी कॅमेरा वापरावा आणि स्थळ, वेळ, संख्या टिपावी. शिक्षकांना आधी नम्रपणे विचारले, तर असा पर्याय ते बहुधा आनंदाने मान्य करतात. प्रयोगामागचे तत्त्व शिकायचे असते. त्यासाठी अमुकच वस्तू हवी असे नाही.

दारे उघडी आहेत

घरातील जाणतेपणा संपतो तेथे संस्थांचा आधार घ्यावा. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मुंबईत चुनाभट्टी येथील विज्ञान भवनातून मराठीत विज्ञानप्रसार करते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच कामासाठी उभे आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात हात लावून पाहण्याजोगी शेकडो उपकरणे आहेत. बृहन्मुंबई विज्ञान शिक्षक संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतली जाते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिप्रकल्पही असतो. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा तर आग्रहच असा, की विषय आपल्या परिसरातला हवा. विकतचा ज्वालामुखी तेथे चालत नाही. कामवारी नदीचे पाणी चालते.

खात्याची शुद्धता

थोर भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरच्या जैन कुटुंबातले. मेघनाद साहांचे शिष्य, केंब्रिजमध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले. १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांनाच शिकवावे, ही त्या आयोगाची शिफारस. याच कोठारींनी स्याद्वाद आणि आधुनिक भौतिकी यांतील नात्यावर चिंतन केले. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे आणि आपले म्हणणे कोणत्या अपेक्षेने खरे आहे ते सांगावे, ही अनेकान्ताची शिकवण प्रयोग करणाऱ्या मुलाला रोज उपयोगी पडणारी आहे.

म्हणून पालकांना विज्ञान येत नसले, तरी अडत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात : तुझा प्रश्न काय आहे, तू मोजलेस कसे, आणि प्रत्यक्ष काय दिसले? रोज पंधरा मिनिटे पुरतात. मात्र ती प्रकल्पाच्या आदल्या रात्री नव्हेत, तीन आठवडे आधीपासून हवीत. कात्री-चाकू चालवताना, विस्तवाजवळ किंवा विजेशी काम असताना मोठ्यांचा हात असावा. नोंद मात्र मुलाच्याच हस्ताक्षरात असावी, वेडीवाकडी का होईना.

न दिलेले न घेणे, हे अचौर्याचे व्रत पाठशाळेत मुले पाठ करतात. दुसऱ्याच्या श्रमांवर आपले नाव चिकटवून गुण घेणे त्या व्रतात कसे बसते, हा प्रश्न मुले विचारीत नाहीत; कारण चिठ्ठी चिकटवणारे हात आपलेच असतात. ज्या पेढीचा रोजमेळ चोख, तिच्या शब्दाला बाजारात किंमत असते. तोटा झाला तर तोटाच लिहायचा, ही शिस्त व्यापारी घराने पिढ्यान्‌पिढ्या जपली. मुलाची प्रयोगवही हा त्याचा पहिला रोजमेळ आहे. त्यात फसलेल्या प्रयोगाची नोंद खरी असेल, तर पुढे तो शास्त्रज्ञ होवो वा गादीवर बसो, त्याचे खाते शुद्ध राहील.