विनामूल्य उत्सवाचा खर्च कोण सोसतो?

ज्या उत्सवास तिकीट नाही, ज्याच्या दारावर पेटी नाही आणि ज्याच्या मांडवात येणाऱ्यास 'तुम्ही कोणाचे?' असे कोणी विचारीत नाही, असा उत्सव वर्षानुवर्षे चालतो तरी कसा, हा प्रश्न लोककलांविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःस विचारावयास हवा. आपण असे उत्सव पाहतो, त्यांत रमतो आणि 'फुकट होते' असे म्हणत घरी परततो. परंतु फुकट हा शब्द पाहणाऱ्यापुरताच खरा. ढोलास कातडे लागते, नाचणाऱ्यास दोन वेळचे जेवण लागते आणि वाजंत्र्याच्या घरी मागे राहिलेल्या मुलाबाळांसही ते लागतेच. हे सारे कोठून तरी यावे लागते. ते कोठून येते व येईनासे का होते, ह्याचा विचार आज आपण आदिलाबाद जिल्ह्यातील एका जुन्या उत्सवाच्या आधारे करू.

तेलंगणाच्या अगदी उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, भीमपूर हे गाव आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणाचा झाला. तिकडे तालुक्याहून लहान विभागास मंडळ म्हणतात. २०१६ च्या फेररचनेत तामसी मंडळातून भीमपूरचे वेगळे मंडळ निघाले. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या. तरी ह्या सीमाभागातील बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी ह्या तिन्ही भाषा कानी पडतात. ह्याच जिल्ह्यातील राजगोंडांचा दंडारी उत्सव हे आपले उदाहरण होय. विदर्भातील श्रोत्यांस दंडार हा शब्द परका नाही. झाडीपट्टीत त्या नावाचे लोकनाट्य आहेच.

दंडारी दिवाळीच्या आधीच्या दिवसांत सुरू होते. वाद्यांची पूजा होते आणि गावातील पुरुष व मुले ह्यांचा ताफा तयार होतो. त्यांत काही मुले स्त्रीवेष घेतात, काही जण टिपऱ्या घेऊन फेर धरतात, आणि सर्वांचे लक्ष वेधून घेणारे असतात ते गुसाडी. अंगाला राख, गळ्यात माळा, खांद्यावरून कातडे, हातात दंड आणि डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला मुकुट, असा त्यांचा वेष असतो. हा वेष हौसेचा नव्हे, व्रताचा आहे. तो अंगावर असेपर्यंत गुसाडी स्नान करीत नाही. मोर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षिलेला पक्षी असल्याने गळून पडलेली पिसेच गोळा करावी लागतात. म्हणून असा मुकुट वर्षानुवर्षे जपून ठेवावा लागतो.

आता ह्या उत्सवाची अर्थव्यवस्था पाहा. ताफा आपल्याच गावात नाचून थांबत नाही. तो दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव वेशीवर येऊन त्याचे स्वागत करते, त्यास जेवू घालते आणि मुक्कामास ठेवते. रात्रभर नाच, गाणी व विनोदी सोंगे होतात. पाहुण्यांनी बिदागी मागावयाची नसते आणि यजमानांनी किंमत लावावयाची नसते. मात्र ज्या गावाने आज जेवू घातले त्या गावाचा ताफा पुढे केव्हातरी आपल्या वेशीवर येईल, ही जाणीव दोन्हीकडे असते. ह्या भेटींत सोयरिकीही जुळतात. पाहुणचाराचे ऋण अशा रीतीने गावोगाव फिरत राहते. ज्या दिवशी सर्वांनी सर्वांचे चुकते करून टाकले त्या दिवशी दंडारी संपेल, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या पंढरीच्या वाटेवरील गावे दिंड्यांना जेवू घालतात तेव्हा काहीसे असेच घडते. फरक एवढाच की वारकऱ्याचे ऋण देवाच्या खाती जमा होते आणि दंडारीचे शेजारच्या गावाच्या.

ह्या रचनेचा पहिला गुण असा, की तीत रोख पैशाला स्थान फार थोडे. खर्च होतो तो धान्याचा आणि श्रमाचा. आणि तोही खरीप हाती येऊ लागण्याच्या दिवसांत, प्रत्येक घरातून थोडा थोडा. कोणा एकावर भार पडत नाही, म्हणून कोणी एक जण उत्सवाचा मालकही होत नाही.

दुसरा गुण समजण्यासाठी ह्याच जिल्ह्यातील इंद्रवेल्ली मंडळातील केसलापूरकडे वळू. पौष अमावास्येस तेथे नागोबाची जत्रा भरते. पूजेचा मान मेस्राम कुळाचा आहे. ह्या कुळाची माणसे अनवाणी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. पूजेची मातीची भांडी सिरिकोंडा येथील कुंभार घडवितात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडविण्याचा विधी होतो, आणि शेकडो कुटुंबांचा स्वयंपाक ठरलेल्या २२ चुलींवरच पाळीपाळीने शिजतो. चूल कोणाची, पाणी कोणी आणावयाचे, भांडी कोणाकडून घ्यावयाची, हे दर वर्षी सभा भरवून ठरवावे लागत नाही. ते ठरलेलेच आहे. आपल्याकडील पुष्कळ मंडळे मोडतात ती पैशावाचून नव्हे, तर कोणते काम कोणाचे ह्या वादात मोडतात. केसलापुरात काम हाच मान असल्यामुळे ते टाळण्याची बुद्धी सहसा होत नाही. ह्याच कुळाने आपसांत वर्गणी काढून नागोबाचे नवे दगडी मंदिर सुमारे ५ कोटी रुपये खर्चून उभे केले आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना झाली. ज्यांस शतकानुशतके वाटा उचलण्याची सवय आहे, त्यांस रोख वर्गणीही जड जात नाही, एवढे त्यावरून दिसते.

परंतु श्रोतेहो, ह्या सुंदर व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे, आणि तो म्हणजे कलावंत. नाचणारा गुसाडी हा शेतकरी असतो. दंडारी संपली की तो आपल्या शेतात जातो. वाजविणाऱ्याचे व गाणाऱ्याचे तसे नाही. राजगोंडांची कुळकथा गाण्याचे काम परंपरेने परधान करीत आले. घोड्याच्या केसांच्या तारा असलेली, गजाने वाजवावयाची किकरी हे त्यांचे वाद्य. सनईसारखे पेपरे आणि कालिकोम हा कर्णाही त्यांच्या व तोटी समाजाच्या हाती. मराठी माणसाने विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट ही, की आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी. घरात मराठी बोलणारा हा गायक गोंडांच्या देवांच्या व पूर्वजांच्या कथा गोंडीत गातो. एका समाजाची स्मृती दुसऱ्याच्या कंठात ठेवलेली आहे.

हा ठेवा कशावर टिकला? परधानांचे प्रत्येक घराणे गोंडांच्या ठराविक घराण्यांशी बांधलेले असे. यजमानाच्या घरी लग्न असो, मर्तिक असो वा देवकार्य असो, गायकाचा वाटा ठरलेला असे: धान्य, वस्त्र, प्रसंगी गुरे. आपल्या बलुत्याशी ही रीत ताडून पाहावी. हा वाटा यजमानाच्या कोठारातून येई, आणि कोठार भरे ते जमिनीतून. म्हणजे उत्सवाचे मूळ शोधीत गेल्यास आपण शेवटी सातबाऱ्यापाशी येतो.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारला गेला. तो लढा जल, जंगल आणि जमीन ह्यांसाठी होता. त्यानंतर निजाम सरकारच्या वतीने ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या भागात आले, मारलवाई येथे राहिले आणि पुढे १९४८ साली त्यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या दशकात सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन ११ हजारांवर आदिवासींच्या नावे करण्यात आली. नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकावयाचा दरबारही तेव्हाचाच. पण १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दुसऱ्या ग्रंथात त्याच विद्वानास बाहेरून आलेल्यांच्या हाती गोंडांची जमीन कशी गेली, ह्याची कहाणी लिहावी लागली. जमीन गेली की धान्याचा वाटा आटतो. वाटा आटला की गायकाचा मुलगा मजुरीस जातो, आणि जो मजुरीस गेला तो रात्रभर चालणारी कथा शिकणार केव्हा? नाच पाहून पाहून येतो. कथा तशी येत नाही. ती गुरूपाशी बसून वर्षानुवर्षे घोकावी लागते.

'मग सरकारने अथवा एखाद्या धनिकाने पैसा द्यावा,' असे कोणी म्हणेल. ह्या दोन्ही वाटांचा अनुभव जगास आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे २००१ पासून लोकसंगीताचा एक मोठा विनामूल्य उत्सव भरतो. वॉरन हेलमन नावाच्या एका धनवंताने तो स्वतःच्या पैशाने सुरू केला. तो स्वतः बॅन्जो वाजवीत असे. २०११ साली तो वारला. पण उत्सवासाठी त्याने निधी मागे ठेवला होता, म्हणून तो चालू राहिला. दात्याची ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी खरी; पण असा दाता मिळणे हा योगायोग आहे, आणि योगायोगावर गावाने विसंबून चालत नाही.

दुसरी वाट सुपारीची. आपल्या गावोगावच्या जत्रांत तमाशा पाहणाऱ्यास फुकट असतो. पैसा गाव लोकवर्गणीतून देते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावपुढारी येऊन तेथे करार करतात. ह्या रीतीने कलावंतास रोख दाम मिळते, हे तिचे मोठेच श्रेय. पण तीत गाव आणि कलावंत ह्यांचे नाते एका रात्रीचे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे जत्रा बंद पडल्या तेव्हा सुपाऱ्या थांबल्या आणि फडांवर उपासमारीची पाळी आली. करार नव्हता, म्हणून देणेही नव्हते.

सरकारी मदतीविषयीही विवेक हवा. दंडारीस आता शासनाकडून अनुदान मिळते, गुसाडींस शहरांतील समारंभांत नेले जाते, आणि मारलवाईचे कनक राजू ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याचा ऊर भरून आला. २०२४ साली ते निवर्तले; जाण्यापूर्वी त्यांनी अनेक तरुणांस गुसाडी शिकविली होती. हा गौरव योग्यच होता. परंतु मान्यवरांच्या स्वागतासाठी दहा मिनिटे नाचविलेली दंडारी ही दंडारी नव्हे. तीत यजमान गाव नसते आणि परतीचे निमंत्रणही नसते. अनुदानाने पाहुण्यांचे जेवण बाहेरून शिजवून आणले, तर ज्या ऋणावर उत्सव उभा आहे ते ऋणच नाहीसे होते. पुढील वर्षी अनुदान आले नाही तर चूल पेटविण्याची सवयही राहिलेली नसते.

मग पैसा नकोच काय? हवा; पण तो योग्य जागी हवा. जे गाव अजून स्वतः करू शकते, ते त्यालाच करू द्यावे: जेवण, मुक्काम, मांडव, दिवाबत्ती. जे त्याच्या शक्तीबाहेर गेले आहे तेथे पैसा लावावा. ते म्हणजे कलावंताचे घर. किकरी घडविणाऱ्यास तिची किंमत मिळावी, जाणत्या गायकास वर्षभराचे मानधन मिळावे, त्याच्यापाशी शिकणाऱ्या मुलास विद्यावेतन मिळावे, आणि कथा संपूर्णपणे, तिच्या मूळ गोंडीत व मराठी आणि तेलुगू अर्थासह, ध्वनिमुद्रित होऊन त्या घरालाच परत मिळावी. बाहेरून आलेली रक्कम किती व कोठे गेली, ह्याचा हिशेब उत्सवापूर्वीच चावडीवर वाचून दाखवावा; वर्गणीवरचा विश्वास उडाला की तो पुन्हा गोळा करता येत नाही. आणि प्रत्येक घराचा वाटा, मग तो पसाभर ज्वारीचा का असेना, सोडू नये. श्रीमंत घराने सर्वांचे भरतो म्हटले तरी सोडू नये. ज्याने पसाभर दिले तो वर्षभर उत्सवाची काळजी वाहतो.

भीमपूरसारख्या सीमेवरील गावांना ह्यात एक विशेष काम करता येईल. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर गोंड, कोलाम, परधान आणि मराठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. अलीकडच्या मराठी मंडळांनी आपल्या उत्सवात परधान गायकास एका रात्रीच्या सुपारीवर न बोलावता दर वर्षीचा मानकरी म्हणून बोलवावे, त्याचा वाटा ठरवून द्यावा, आणि तो आपल्या वहीत कायमचा लिहून ठेवावा. तो आपल्याच भाषेत बोलणारा आहे. त्याची कथा मात्र आपण अजून ऐकलेली नाही. ती ऐकावयास एक रात्र आणि त्याच्या घरच्यांसाठी वर्षाचे थोडे धान्य, एवढाच हा सौदा आहे. येत्या सुगीनंतर कोणत्याही गावास तो करता येण्याजोगा आहे.