रंगाखालची होडी

जून महिन्यात आमच्या बाजूच्या कुठल्याही बंदरावर गेलात तर समुद्रात होडी दिसायची नाही. साऱ्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या, झापांनी आणि निळ्या ताडपत्रीने शाकारलेल्या, ओळीने बसलेल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जाळी शिवायचे, इंजिने उघडायचे, हंगामाचे हिशेब मिटवायचे हे दिवस. आणि ज्याला होडी विकायची आहे त्याने ती विकायचेही हेच दिवस.

२०२२ च्या जूनमध्ये माझा भाचा असाच भर पावसात दापोलीला घरी आला. छत्री मिटायच्या आधीच म्हणाला, ''मामा, होडी बघितली. साडेनऊ लाख सांगतायत, नऊला देतील. उद्या इसार देतो.''

''पैसे कुठले?''

''थोडं सोसायटी देईल. थोडं माझ्याकडे आहे. बाकी हिचे दागिने.''

दागिने म्हणजे आठ तोळे. ते शब्द ऐकले आणि माझा हातातला चहा हातातच राहिला. त्याला कारण आहे, आणि ते मी आजवर घराबाहेर फारसे कुणाला सांगितलेले नाही.

मी पस्तीस वर्षे एका बँकेत होतो. त्यातली सहा किनाऱ्यालगतच्या शाखांत गेली. १९९४ साली एका तरुण तांडेलाने जुनी होडी घ्यायला कर्ज मागितले. तपासणीला मीच गेलो. होडी निळ्या-पांढऱ्या रंगात नुसती झळकत होती, नाळेवर झेंडूची माळ होती. बूट ओल्या वाळूत रुततील म्हणून मी दहा पावलांवरूनच तिला प्रदक्षिणा घातली. इंजिनाचा नंबर कुणीतरी वाचून दाखवला, तो लिहून घेतला. शाखेत येऊन घसाऱ्याच्या कोष्टकातून किंमत काढली. ती विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास आली, म्हणजे बरोबरच असणार, अशी मी समजूत करून घेतली. दुसऱ्या हंगामात तळाच्या फळ्या गेल्या. माणसे वाचली, होडी वाचली नाही. हप्ते थकले तेव्हा नोटीस घेऊन जायची पाळी माझ्यावरच आली. तो पोरगा भांडला नाही. एवढेच म्हणाला, ''साहेब, तुम्ही बघूनच सही केली होती ना?''

त्याला मी काय उत्तर देणार होतो?

तेव्हा भाच्याला सांगितले, उद्या इसार नाही. उद्या मेस्त्री.

हे मेस्त्री म्हणजे चाळीस वर्षे होड्या बांधलेला माणूस. आता पंचाहत्तरी उलटलेली. हात थरथरतो, पण कान शाबूत आहेत, आणि जुनी होडी बघायला डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात हे मला त्या दिवशी कळले. वेसवीहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही तिघे श्रीवर्धनच्या बाजूला उतरलो. वाटेत मेस्त्रींनी भाच्याला एकच गोष्ट बजावली, ''तिथं गेल्यावर 'झकास' म्हणायचं नाही. काही झालं तरी.''

होडी चौतीस फुटी, लाकडी, वरून फायबरचा थर चढवलेली. हा प्रकार आता सर्रास दिसतो. सागाच्या जुन्या फळ्यांवर फायबर चढवले की होडी गुळगुळीत दिसते, पाणी झिरपत नाही, रंगही टिकतो. चांगल्या कोरड्या लाकडावर, नीट चढवला तर तो थर कामाचाच. पण ओल्या किंवा कुजक्या लाकडावर चढवला तर ओल आतच कोंडते आणि लाकूड आतल्या आत सडते. बाहेरून काही समजत नाही. आमच्या काळी हे काम लांबी आणि ऑइलपेंट करीत असत, आता फायबर करते, एवढाच फरक!

मेस्त्री आधी मागे जाऊन वाळूवर चक्क आडवे झाले. एक डोळा मिटून होडीच्या कण्याकडे, म्हणजे पठाणाकडे, मागून पुढे बघत राहिले. पठाण सरळ हवा. जुन्या होडीची दोन्ही टोके खाली झुकून मध्ये उंचवटा आलेला असेल तर तिचा कणाच मोडत आला समजावे. मग रंग, इंजिन, जाळी कशाकडेच बघू नये, चहा पिऊन परत यावे. या होडीचा पठाण सरळ होता. मेस्त्री उठले, पण बोलले काही नाही.

मग खिशातून छोटी हातोडी काढून ते नाळेपासून ठोकत निघाले. टण, टण, टण. चांगले लाकूड मोकळा आवाज देते. कुजलेले लाकूड, किंवा लाकडापासून सुटलेले फायबर, बद्द वाजते, फुटक्या माठासारखे. जिथे आवाज बदलला तिथे मेस्त्री खडूने फुली मारीत होते. डाव्या अंगाला, पाण्याच्या रेषेखाली, फुल्या दाट होऊ लागल्या.

लाकडाला दोन मोठे शत्रू. एक कूज. ती गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाच्या साचलेल्या पाण्याने येते, म्हणून तर होड्या शाकारायच्या. दुसरा समुद्रातला पोखरणारा प्राणी. त्याला सगळे किडा म्हणतात, पण तो खरे तर शिंपल्यांच्या कुळातला. पिल्लू असताना टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेर भोक तेवढेच राहते, आत बोटभर रुंद बोगदे होतात. गोड्या पाण्यात किंवा किनाऱ्यावर बरेच दिवस वाळत ठेवल्यावर तो मरतो, पण पोखरलेले लाकूड काही भरून येत नाही. म्हणून मेस्त्री आत उतरून, जिथे फायबर नव्हते तिथे, चाकूचे टोक फळ्यांत आणि बरगड्यांत खुपसून पाहत होते. खिळ्यांभोवती काळे डाग आहेत का, ते बघत होते. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूड खातो, आणि फळी शाबूत दिसली तरी धरून ठेवायला काही उरत नाही.

होडीचे मालक इतका वेळ गप्प उभे होते. माझ्याच वयाचे. दोन मुलगे, दोघेही मुंबईत नोकरीला. मेस्त्री पुन्हा डाव्या अंगाला आले तेव्हा ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, ''मेस्त्री, तिथं ठोकत बसू नका. 'निसर्ग'मध्ये ती धक्क्यावर आपटली होती. सात फळ्या गेल्यात. वरून फायबर मारून दोन हंगाम काढले.''

३ जून २०२० चे ते वादळ श्रीवर्धनच्या बाजूनेच किनाऱ्यावर आले. त्या दिवशी इकडच्या बागा गेल्या, छपरे गेली, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यादेखील एकमेकींवर आदळल्या. तेव्हा गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते हे, की विकणारा स्वतःच्या तोंडाने ती सांगत होता.

''मग साडेनऊ कसे सांगता?'' मी विचारले.

त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. सोसायटीचे कर्ज तीन लाख चाळीस हजार. धाकट्या मुलीचे लग्न. घराचे छप्पर. बेरीज साडेनऊ.

बँकेत असताना मला हे कधी सुचले नव्हते, की विकणाऱ्याचा आकडा अनेकदा होडीतून येतच नाही, तो त्याच्या गरजेतून येतो. त्यात लबाडी नसते. पण विकत घेणाऱ्याने ती बेरीज भरून काढायची ठरवली, तर दोन वर्षांनी तीच बेरीज त्याच्या घरात मांडावी लागते.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. ते सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवायचा. गरम असेल तर आपण येण्यापूर्वी कुणीतरी सुरू करून ठेवलेले आहे, आणि थंड इंजिन सुरू होताना काय कटकट करते ते तुम्हाला दिसू नये अशी इच्छा आहे. हे गार होते. पिंपातून नळी लावून त्याला पाणी दिले आणि सुरू केले. धूर निळसर आला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा आणि लायनर झिजले. काळा धूर बहुधा नोझलचा किंवा हवा कमी पडल्याचा असतो. पांढरा धूर सुटतच राहिला तर पाणी आत जात असल्याचा संशय घ्यावा. ऑइलची पट्टी काढून बघितली. त्यावर दुधी फेस असता तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असते, म्हणजे मोठाच खर्च. तसे नव्हते. पंख्याचा दांडा हाताने हलवला तर किंचित खेळत होता.

भाच्याने मध्येच विचारले, ''होडी किती वर्षांची?'' सोळा, असे उत्तर आले. त्याचा चेहरा पडला. वयाला उगाच घाबरू नये. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. १८९७ मध्ये तिला भंगारात विकले होते. भंगारवाल्याकडून एका गृहस्थाने ती घेतली आणि शिकाऊ खलाशांसाठी वापरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. १८९७ मध्ये तिची रास्त किंमत काय होती, हे सांगायला कुठले कोष्टक पुरले असते? आमची सोळा वर्षांची होडी तिच्यापुढे तान्हीच म्हणायची. अर्थात 'त्रिंकोमाली'च्या डागडुजीला जो पैसा लागला तो आमच्या भाच्याकडे नाही, हेही खरे.

कागद मी पाहिले, तेवढेच मला येते. होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही नव्या नावावर व्हाव्या लागतात. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पळवलेल्या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून कोणाची होडी, कोण खलाशी, याची विचारणा कडक झाली. दुसऱ्याच्या नावावरची होडी घेऊन समुद्रात गेलात आणि काही घडले, तर कागदावरचा मालक आणि तुम्ही दोघेही अडकता. सोसायटीचा बोजा आहे तोवर होडी खरे तर पूर्णपणे विकणाऱ्याची नाहीच. ती सोडवल्याचा दाखला हवा. हे सगळे जमेल असे दिसत होते.

मग पडवीत बसून हिशेब केला. पाठीमागच्या पानावर, पेन्सिलीने, सर्वांसमक्ष. त्या वर्षी आसपासच्या बंदरांत एवढ्याच लांबीच्या, धड स्थितीतल्या तीन होड्या विकल्या गेल्याचे मेस्त्रींना माहीत होते. साडेसात ते आठ लाखांच्या दरम्यान. मध्य धरला पावणेआठ. त्यातून सात फळ्या, खिळे आणि मजुरी, एक लाख दहा हजार. जुने फायबर सोलून नवे, साठ हजार. इंजिन उघडणे, सत्तर हजार. दांडा आणि बुश, पंधरा हजार. एकूण दोन लाख पंचावन्न हजार वजा. राहिले पाच लाख वीस हजार. त्या तीन होड्यांबरोबर जाळी नव्हती, इथे होती. अर्धी फाटकी, अर्ध्या जाळ्यांचे साठ हजार. पाच लाख ऐंशी हजार.

मालक बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. आतून त्यांच्या पत्नीने चहा पाठवला. मी मनात म्हटले, आता उठायला सांगणार. पण त्यांनी पेन्सिल घेतली, फळ्यांच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ''सागाच्या आठ फळ्या माझ्या माळ्यावर आहेत. वादळानंतर आणल्या, पण बसवायला पैसे झाले नाहीत. त्या घेऊन जा. लाकडाचे तेवढे धरा.''

मेस्त्रींनी माळ्यावर चढून फळ्या ठोकल्या. वरूनच आवाज आला, ''चांगल्या आहेत.''

सहा लाख दहा हजारांना ठरले. लाकडाचे तीस हजार, एवढाच फरक. खरे म्हणजे फळ्यांचे थोडे अधिक धरायला मी तयार होतो, पण त्यांनीच मागितले नाही. पन्नास हजार इसार. सोसायटीचे पैसे परस्पर सोसायटीत भरायचे आणि दाखला घ्यायचा. एक लाख मात्र मागे ठेवायचे, होडी पाण्यात उतरल्यावर द्यायचे. किनाऱ्यावर बसलेल्या होडीचे तळ दिसते, पण ती पाण्यात कशी वागते ते दिसत नाही. हे सर्व स्टॅम्पपेपरवर लिहिले. ''मुलीच्या लग्नाचं मग बघू,'' असे ते उठता उठता म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळले नाही.

दुरुस्तीचा खर्च धरून भाच्याला होडी साधारण साडेआठ लाखांना पडली. दागिने गेलेच, पण पाटल्या तेवढ्या राहिल्या.

नारळी पौर्णिमेनंतर होडी खाडीत उतरवली. पहिल्याच रात्री भाच्याचा घाबऱ्या आवाजात फोन. तळात गुडघाभर पाणी! मी मेस्त्रींना विचारले. ते हसले. दोन-अडीच महिने उन्हापावसाबाहेर शाकारून ठेवलेले लाकूड सुकून आकसते, नव्या फळ्यांचे सांधे मोकळे असतात. पाण्यात फुगून ते आवळायला दोन-तीन दिवस लागतात. ''उपसत राहायला सांगा. तिसऱ्या रात्री उपसायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मोजायचं.''

त्या तिसऱ्या रात्री मला काही नीट झोप लागली नाही. निळ्या-पांढऱ्या रंगाची ती जुनी होडी डोळ्यांपुढून हलत नव्हती. सकाळी सहाला फोन वाजला.

''मामा, दोन बोटं. दोनच बोटं पाणी.''

''मेस्त्रींना कळवलंस?''

''कळवलं. आता त्यांचे लाख रुपये घेऊन फेरीबोटीला उभा आहे. मामा, नारळ त्यांच्याकडे एक न्यायचा की दोन?''