आभासी चलनाची आज्ञावली : खुली असावी की बंदिस्त?

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर गुप्तता ही रोजच्या व्यवहारातील बाब आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील औषधी रसायनांच्या कारखान्यांत उत्पादनाची कृती कुलूपबंद असते. तेथून काही किलोमीटरवरील तारापूर अणुविद्युत केंद्राच्या नियंत्रणकक्षातील संगणकांवर नेमकी कोणती आज्ञावली चालते, हे बोईसर किंवा पालघरच्या नागरिकाला पाहता येत नाही. तरीही हा नागरिक निर्धास्त असतो, कारण त्याच्या वतीने ती आज्ञावली तपासणारी यंत्रणा अस्तित्वात आहे, असे तो गृहीत धरतो.

बिटकॉइन आणि तत्सम आभासी चलनांच्या बाबतीत हेच गृहीतक लागू पडते का? मोबाइलवरील एखाद्या अ‍ॅपमधून अशी चलने विकत घेणारे तरुण आज मुंबईइतकेच बोईसर-पालघरच्या नोकरदार वर्गातही आढळतात. त्यांचा पैसा वस्तुतः एका आज्ञावलीच्या हवाली झालेला असतो. ती आज्ञावली सर्वांना वाचता यावी की कंपनीच्या तिजोरीत राहावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही.

खुली म्हणजे काय?

कोणतीही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. यंत्राला समजेल अशा रूपात तिचे भाषांतर झाले की ती माणसाला सहजी वाचता येत नाही. मूळ संहिता सर्वांसाठी प्रसिद्ध करून ती वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा दिली, तर ती मुक्तस्रोत ठरते. ही मुभा नसेल, तर ती मालकी हक्काची होय.

बिटकॉइनचा जन्मच मुक्तस्रोत स्वरूपात झाला. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्याची संकल्पना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचे जाळे सुरू झाले. या चलनामागे रिझर्व्ह बँक नाही, सरकारची हमी नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत, हे वचनसुद्धा कोणा गव्हर्नरच्या सहीने दिलेले नाही. ते संहितेत लिहिलेले आहे. संहिता वाचता येत नसेल, तर त्या वचनाला काही अर्थ उरत नाही.

बंद दाराआडचे ‘चलन’

याचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी ‘वनकॉइन’ नावाच्या कथित चलनाच्या प्रचारसभेवर छापा घालून १८ जणांना अटक केली. रुझा इग्नातोव्हा या बल्गेरियातील महिलेने २०१४ मध्ये ही योजना सुरू केली होती. आपले चलन बिटकॉइनला मागे टाकेल, असा तिचा दावा होता. प्रत्यक्षात बिटकॉइनप्रमाणे कोणालाही तपासता येईल अशी सार्वजनिक खातेवही त्यामागे नव्हती. नाण्याचा भाव कंपनीच ठरवत असे आणि गुंतवणूकदाराच्या पडद्यावर तो चढता दिसत असे.

अमेरिकी सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार या योजनेत जगभरातील लोकांचे ४ अब्ज डॉलरांहून अधिक बुडाले. इग्नातोव्हा ऑक्टोबर २०१७ पासून बेपत्ता आहे. तिचा सहकारी कार्ल ग्रीनवूड याला सप्टेंबर २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. संहिता आणि खातेवही खुली असती, तर हा बनाव जाणकारांनी पहिल्याच महिन्यात उघडा पाडला असता. बंदिस्तपणा हा येथे व्यापारी गुपिताचा भाग नव्हता. फसवणुकीचा पायाच तो होता.

अनेक डोळे, तरीही चूक

मात्र संहिता खुली म्हणजे ती निर्दोष, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या आज्ञावलीतील एका हिशेबी त्रुटीचा फायदा घेऊन कोणीतरी १८४ अब्जांहून अधिक नाणी एका व्यवहारात निर्माण केली. संहिता सर्वांसमोर असल्यामुळे दोष काही तासांतच सापडला, दुरुस्ती झाली आणि तो व्यवहार खातेवहीतून बाद ठरला.

दुसरे उदाहरण कमी दिलासा देणारे आहे. नवी नाणी बेकायदा निर्माण करू देणारी आणखी एक त्रुटी सप्टेंबर २०१८ मध्ये उघडकीस आली. तिचा गैरवापर होण्यापूर्वी ती दुरुस्त झाली खरी, परंतु तत्पूर्वी सुमारे दीड वर्ष ती सर्वांच्या डोळ्यांदेखत तेथेच होती. संहिता वाचता येणे ही एक गोष्ट आणि ती कोणीतरी खरोखर काळजीपूर्वक वाचणे ही दुसरी.

असे असूनही सुरक्षाशास्त्राचा कौल बऱ्याच अंशी खुलेपणाच्या बाजूने आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच फ्रान्समधील एका लष्करी नियतकालिकात असे तत्त्व मांडले, की सांकेतिक लेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना लपवण्यावर ज्याची सुरक्षितता अवलंबून आहे ते कुलूप कच्चे, हाच त्याचा आशय.

बंदिस्त बाजूचे म्हणणे

मालकी हक्काच्या आज्ञावलीचे समर्थकही अगदीच निरुत्तर नाहीत. त्यांचा पहिला मुद्दा व्यवसायाचा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘युनिस्वॅप’ या चलन-अदलाबदलीच्या प्रणालीची खुली संहिता उचलून ‘सुशीस्वॅप’ ही स्पर्धक प्रणाली उभी राहिली. त्यानंतर मे २०२१ मध्ये युनिस्वॅपने आपली तिसरी आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली आणली. त्यानुसार संहिता कोणालाही वाचता येत होती, पण व्यापारी वापरास कमाल दोन वर्षे मनाई होती. ‘वाचण्यास खुली’ आणि ‘वापरण्यास मुक्त’ यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. ठेवीदाराच्या सुरक्षिततेला पहिली गोष्ट पुरेशी असते. दुसरी सोडली तरी त्याचे नुकसान होत नाही.

दुसरा मुद्दा यंत्रसामग्रीचा. चलनाची किल्ली सांभाळणाऱ्या लहानशा उपकरणांपैकी फ्रान्सच्या ‘लेजर’ कंपनीने आपल्या उपकरणाच्या गाभ्यातील आज्ञावली बंद ठेवली, तर चेक प्रजासत्ताकातील ‘ट्रेझर’ने खुली. मे २०२३ मध्ये लेजरने किल्लीचे तुकडे उपकरणाबाहेर जपून ठेवण्याची ऐच्छिक सेवा जाहीर केली, तेव्हा ग्राहकांत खळबळ उडाली. किल्ली उपकरणाबाहेर जाऊच शकत नाही, अशी अनेकांची समजूत होती. ती तपासून पाहण्याचा मार्ग त्यांच्याजवळ नव्हता.

मुंबईतील धडा

तथापि या वादाची खरी कसोटी लागली ती मुंबईत. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या मुंबईस्थित व्यवहार केंद्राच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास दोन हजार कोटी रुपये किमतीची चलने चोरीला गेली.

हे वॉलेट ‘सेफ’ या मुक्तस्रोत आज्ञावलीवर आधारलेले होते. त्यावर सहा जणांच्या सह्यांची योजना होती. पाच वझीरएक्सचे आणि एक ‘लिमिनल’ या सांभाळकर्त्या कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी मंजुरी द्यायची आणि शेवटची सही लिमिनलने करायची, अशी पद्धत होती. वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना लिमिनलच्या पडद्यावर एक व्यवहार दिसला आणि सही मात्र दुसऱ्याच व्यवहारावर झाली. त्या सहीने वॉलेटचा ताबाच चोरांकडे गेला. आपल्या यंत्रणेत शिरकाव झाल्याचे लिमिनलने नाकारले.

येथे दोन्ही जगांतला फरक लख्ख दिसतो. जो भाग खुला होता, त्यात काय घडले हे कोणालाही सार्वजनिक खातेवहीत क्षणाक्षणाने पाहता आले. जो भाग बंदिस्त होता, त्यात दोष कोणाचा यावर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि ग्राहकांना स्वतः काही ताडून पाहता आले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. गोठलेले व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि त्यासाठी सिंगापूरच्या उच्च न्यायालयाची मंजुरी लागली.

मग सर्वच खुले असते तर? त्याचेही उत्तर लवकरच मिळाले. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित ‘बायबिट’कडून सुमारे १५० कोटी डॉलरांची चलने लुटली गेली. या वेळी सेफचाच पडदा वापरात होता. हल्लेखोरांनी सेफच्या एका तंत्रज्ञाचा संगणक ताब्यात घेऊन त्यामार्गे संकेतस्थळावरून येणाऱ्या संहितेत बदल केला. प्रसिद्ध झालेली संहिता निर्दोष होती, परंतु ग्राहकाच्या पडद्यावर पोहोचलेली संहिता ती नव्हती. पुस्तकात छापलेली पाककृती आणि डब्यातून आलेला पदार्थ एकच असेल, याची खात्री कोणी करून घेतली नव्हती.

तपासणार कोण?

खरा प्रश्न हा आहे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांची आज्ञावली जनतेसाठी खुली नाही आणि तशी मागणीही कोणी करणार नाही. पण १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा संगणकाधारित प्रणालींसाठी मार्गदर्शिका घालून दिली आहे. लिहिणाऱ्यापासून स्वतंत्र असलेल्या तज्ज्ञांनी आज्ञावली पडताळून पाहावी, हे तिचे मूलतत्त्व. तेथे गुप्तता चालते, कारण तपासणी बंधनकारक आहे.

आभासी चलनांसाठी देशात अशी व्यवस्था नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि मार्च २०२३ मध्ये व्यवहार केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली. हे नियम पैसा कोठून आला हे विचारतात. आज्ञावली तपासून मगच परवाना देणारे स्वतंत्र मंडळ त्यांतून निर्माण झालेले नाही.

जेथे सरकारी परीक्षक नाही, तेथे संहिता खुली असणे ही किमान अट ठरते. ती पुरेशी मात्र नाही. बिटकॉइनच्या मुख्य आज्ञावलीबाबत अनेक स्वतंत्र तंत्रज्ञ मूळ संहितेपासून तयार आवृत्ती आपापल्या संगणकांवर बनवतात आणि सर्वांचा अंकीय ठसा तंतोतंत जुळतो की नाही, हे जाहीर करतात. छापलेली पाककृती आणि डब्यातला पदार्थ एकच आहे, याचा हा पुरावा होय. असा पुरावा देणाऱ्या आज्ञावली आजही मोजक्याच आहेत.

सर्वसामान्य ग्राहकाला संहिता वाचता येणार नाही, हे उघड आहे. सहकारी पतपेढीचे ताळेबंद तरी किती सभासद वाचतात? परंतु ते पाहण्याचा हक्क आहे आणि लेखापरीक्षकाची सही त्यावर आहे, हे सभासद विचारून घेऊ शकतो. तोच शहाणपणा येथेही लागू पडतो. संहिता प्रसिद्ध आहे का, ती कोणा त्रयस्थाने तपासली आहे का, फोनवर उतरणारे अ‍ॅप त्याच संहितेपासून बनले आहे का, आणि किल्ली आपल्या हाती आहे की कंपनीच्या, हे चार प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. ज्या कंपनीकडे त्यांची उत्तरे नाहीत, ती ग्राहकाकडून फक्त विश्वास मागत आहे. आणि त्या विश्वासाला तारण काहीच नाही.