अंगात धुमाकूळ, बशीत ढिम्म!

रुग्णाच्या शरीरात हिपॅटायटिस सीचा विषाणू दिवसाला साधारण एक लाख कोटी नवे कण तयार करतो. आणि प्रयोगशाळेत? ढिम्म! १९८९ मध्ये त्याची ओळख पटली, पण काचेच्या बशीत तो नीट वाढायला २००५ उजाडलं. साध्या उंदराला त्याची लागणच होत नाही. चिंपांझीला होते, पण चिंपांझी पाळणार किती?

सगळ्यात भारी शक्कल लढवली ती १९९९ मध्ये जर्मनीच्या फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी. विषाणूच्या आरएनएतला कवच बनवणारा भाग त्यांनी काढून टाकला आणि तिथे एका जहरी औषधापासून वाचवणारं जनुक बसवलं. हा आरएनए यकृताच्या पेशींत सोडला, वरून ते औषध ओतलं. बशीतल्या बहुतेक पेशी मेल्या. ज्यांच्या पोटात आरएनएच्या प्रती निघत होत्या तेवढ्याच वाचल्या आणि त्यांचे ठिपके बशीत वाढू लागले. जगायचंय? मग विषाणूला पोसा! सरळसरळ ब्लॅकमेलच की.

या पेशीही साध्यासुध्या नव्हत्या. १९८२ मध्ये जपानमधल्या एका ५७ वर्षांच्या रुग्णाच्या यकृताच्या गाठीतून तयार केलेला त्यांचा वंश आजही जगभर चालतो.

पूर्ण विषाणू बशीत वाढला तोही जपानी! ताकाजी वाकिता यांना तो तीव्र काविळीच्या एका रुग्णाकडून मिळाला होता. इतर वाणांना बशीत रुळायला स्वतःत बदल करावे लागत, हा गडी तसाच वाढला. का, यावर पुढे बरीच डोकेफोड झाली.

फायदा काय? डॅक्लाटासविर या औषधाचं मूळ रूप त्या ब्लॅकमेलवाल्या पेशींवर ढीगभर रसायनं तपासतानाच हाती लागलं. ते ज्या प्रथिनाला धरतं, ते नेमकं काय करतं हेच तेव्हा धड माहीत नव्हतं! सोफोसबुविरच्या जोडीने बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांत बरे होतात. भारताच्या हिपॅटायटिसविरोधी राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून हे उपचार मोफत आहेत. चौकशीची सुरुवात सोलापूरकरांनी सिव्हिलमध्ये करावी.

लस मात्र अजून नाही, आणि विषाणू पसरतो रक्तातून. तेव्हा गड्डा यात्रेत गोंदवून घ्यायची हौस असेल, तर सुई नवी कोरी आहे ना, हे पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावून बघाच.