गाडी उंच केली, बूट फाटला: गॅरेजवाल्याने काय करायचं?



गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचा विचार आहे ना? मग एक गिऱ्हाईक तुमच्याकडे कधी ना कधी येणारच. फोर बाय फोर पिकअप, लिफ्ट किट टाकून दोन-तीन इंच उचललेली, आणि मालक वैतागलेला: "भाऊ, वर्षात तिसऱ्यांदा बूट फाटला. सामान डुप्लिकेट देता का काय?"

यावर तुम्ही काय बोलता, त्यावर हे गिऱ्हाईक टिकतं, नाहीतर गावभर तुमचं नाव खराब करतं. म्हणून आज एका छोट्या रबरी भागाबद्दल नीट समजून घेऊ.

आधी गाडी ओळखा, मग माल भरा

आपल्या कळंबच्या मार्केट यार्डात सोयाबीन, तूर घेऊन येणाऱ्या गाड्या बघा. छोटा हत्ती असो की साधी टू-व्हील ड्राइव्ह बोलेरो पिकअप, इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे सीव्ही जॉइंटच नाही, तर बूट कुठून येणार? बूट असतो पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत: १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, नंतरच्या स्विफ्ट, वॅगन-आर. पिकअपमध्ये बघायचं तर २०१६ मध्ये भारतात आलेली इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स.

तालुक्याच्या गावात अशा पिकअप मोजक्याच असतात. म्हणून मारुतीचे बूट किट दुकानात ठेवा, ते फिरतात. पिकअपचे किट मागणी आली की मागवा. फळीवर पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेलं भांडवल.

बूट फाटतो का?

सीव्ही जॉइंटमुळे चाक वळलं, खाली-वर झालं तरी ताकद सारखी पोचते. त्या जॉइंटवर घड्याघड्यांचं रबरी आवरण असतं, तोच बूट. त्याची कामं दोन: ग्रीस आत ठेवायचं, माती बाहेर ठेवायची.

गाडी उचलली की चाक खाली जातं, पण डिफरेन्शियल चेसिसबरोबर वरच राहतं. दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. मग बुटाच्या एका बाजूच्या घड्या दबून एकमेकींवर घासतात, दुसऱ्या बाजूच्या ताणल्या जातात. आणि हे प्रत्येक फेऱ्याला! साधारण ३० इंचांचं चाक एका किलोमीटरला ४०० च्या वर फेरे घेतं. म्हणजे ५० किलोमीटरच्या एका फेरीत घड्या २०,००० वेळा घासल्या. बऱ्याच गाड्यांत फोर बाय फोर लावलं नसलं तरी चाकाबरोबर शाफ्ट फिरतच असतो. मग कितीही ओरिजिनल बूट टाका, कोन तोच असेल तर तो लवकरच जाणार.

बूट फाटला की ग्रीस उडून जातं आणि आपली काळी माती आत शिरते. पावसाळ्यात मांजरा काठच्या रानातला चिखल आत गेला आणि वाळला, की तो जॉइंटला घासून खातो.

कामाची पद्धत

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन बघा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आहेत का? घड्यांत बारीक चिरा आहेत का? पट्टी सैल आहे का? मग स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवा. कट-कट आवाज आला तर जॉइंट झिजलाय. अशा वेळी नुसता बूट बदलून पैसे घेऊ नका. आवाज राहील आणि गिऱ्हाईक परत येईल. जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागेल, हे आधीच सांगा.

आवाज नसेल तर जॉइंट उघडून जुनं ग्रीस पूर्ण धुवा, किटमधलंच सीव्ही ग्रीस भरा. साधं बेअरिंगचं ग्रीस चालत नाही. पट्टी योग्य पकडीने आवळा. तारेने बांधायचा जुगाड करू नका, तार रबर कापते.

गिऱ्हाइकाला उपाय द्या

मोबाईलवर फोटो काढून मालकाला दबलेल्या घड्या दाखवा. मग पर्याय ठेवा. पहिला आणि सगळ्यात खात्रीचा: लिफ्ट कमी करा. दुसरा: डिफरेन्शियल खाली घेणारे स्पेसर. त्याने कोन कमी होतो, पण डिफरेन्शियलखालची जागाही कमी होते. तिसरा: जास्त कोन सोसणारा लवचिक बूट. तो थोडा जास्त टिकेल, पण कारण तसंच राहील. उंचीत काहीही बदल झाला की व्हील अलाइनमेंट करायलाच सांगा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जादा कमाईसाठी स्वतः लिफ्ट किट बसवून द्यायच्या नादी लागू नका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. पासिंगला, विम्याच्या दाव्याला अडचण आली की मालक पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवणार.

बिलावर लिहा

समजा एका बूटच्या कामात तुम्हाला ६०० रुपये उरले. तेच काम पुढे भांडणापायी फुकट करून द्यावं लागलं, तर नफा गेला, किटचे पैसे गेले आणि मिस्त्रीचा अर्धा दिवसही गेला. म्हणून बिलावर एक ओळ: "गाडी उंच केलेली आहे, शाफ्टचा कोन जास्त आहे, बूटला वॉरंटी नाही, मालकाला दाखवले." खाली मालकाची सही घ्या.

काही जण सही न करता निघून जातील. जाऊ द्या. जो थांबेल, त्याला कळलेलं असतं की हा माणूस दर वेळी बूट विकायला बसलेला नाही. तो पुढच्या वेळी ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग सगळं तुमच्याकडेच करील आणि येताना दोन गाड्या घेऊन येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या गावातल्या एका गॅरेजवर तासभर उभे राहा. तीच तक्रार घेऊन परत आलेल्या गाड्या किती, ते वहीत मांडा. शेजारी लिहा, पहिल्या वेळी कारण शोधलं होतं का. तुमच्या धंद्याची जागा त्याच वहीत सापडेल.