थंडीचे दिवस आणि स्वयंपाकाचा गॅस

निफाड, महाबळेश्वर किंवा चिखलदरा परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे अनेक गृहिणींना एक अनुभव येतो. सिलिंडर हलवून पाहिला तर आत द्रव असल्याचे जाणवते; शेगडीची ज्योत मात्र मंद असते. मग कोणी सिलिंडरवर उकळते पाणी ओततो, कोणी तो आडवा करतो, तर कोणी निखाऱ्यांजवळ सरकवितो. गॅसचा जोर कमी म्हणजे धोकाही कमी, ही समजूत या कृतींच्या मुळाशी असते. ती सर्वस्वी चुकीची आहे.

घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो द्रव हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण होय. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअस तपमानास उकळतो, तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. थंडी वाढली की ब्युटेनचे बाष्पीभवन मंदावते आणि सिलिंडरमधील दाब उतरतो. सहज उडून जाणारा प्रोपेन आधी अधिक प्रमाणात निघून जात असल्याने संपत आलेल्या सिलिंडरमध्ये ही अडचण विशेष जाणवते. शिवाय बाष्पीभवनास लागणारी उष्णता द्रवातूनच घेतली जाते. म्हणून सलग वापरात सिलिंडर अधिकच गार पडतो व त्यावर दव जमते.

आता स्फोटाचा विचार करू. हवेत या वायूचे प्रमाण साधारणपणे २ ते ९ टक्के असेल, तर एक ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. थंडीमुळे ही मर्यादा किंचित आकसते व ज्योत पसरण्याचा वेगही थोडा घटतो. परंतु हा फरक इतका अल्प असतो की, त्यावर विसंबता येत नाही. उलट थंड वायू अधिक दाट असतो. ३० अंशांऐवजी १० अंश तपमान असेल, तर तेवढ्याच जागेत सुमारे ७ टक्के अधिक इंधन व प्राणवायू सामावतात आणि पूर्णपणे बंद जागेतील स्फोटाचा कमाल दाबही त्या मानाने वाढतो. मुळातच हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद असतात. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. पण सर्दीने नाक चोंदले असेल, तर तो इशाराही वेळेवर मिळत नाही.

ज्योत वाढविण्याचे घरगुती उपाय तर याहून घातक आहेत. द्रव प्रसरण पावावा म्हणून सिलिंडरमध्ये थोडी जागा मोकळी ठेवलेली असते. बेसुमार उष्णता दिल्यास दाब झपाट्याने वाढतो, ही जागाही भरून जाऊ शकते व सिलिंडर फुटण्याचा संभव असतो. सिलिंडर आडवा केल्यास बाष्पाऐवजी द्रवच रेग्युलेटरमधून नळीत शिरतो. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू तयार होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या कृतीचे गांभीर्य पटेल.

म्हणून सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. ज्योत मंद झाल्यास एकाच वेळी अधिक शेगड्या पेटवू नयेत. आश्रमशाळा, वसतिगृहे आदी मोठ्या स्वयंपाकघरांत वितरकाकडून एकाहून अधिक सिलिंडरांची जोडणी करून घ्यावी. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरवरील भार कमी होतो. स्वयंपाकघराची एक खिडकी आणि जमिनीलगतचा झरोका थंडीतही उघडा राहावा. वास येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या असंख्य घरांत गॅस पोहोचला. चुलीपाशी विस्तव फुंकून वाढविण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय मात्र एका दिवसात सुटत नाही. हिवाळ्याच्या तोंडी होणाऱ्या ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत व महिला बचत गटांच्या बैठकीत ही माहिती सांगितली गेली, तर अनेक अपघात टळतील. थंडीत मंदावते ती ज्योत, धोका नव्हे.